ओमेगाची पेटी आणि चार पौंडांचा जग

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी मूळची कोल्हापूरची. सहा वर्षांपूर्वी आम्ही इंग्लंडला आलो. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या एका हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट आहे. इथल्या चॅरिटी शॉपमध्ये एकदा चार पौंडांना एक जग मिळाला. त्यावर केशरी, निळी, जांभळी फुलं, वर पिवळा पट्टा, खाली तपकिरी. तळाला ‘क्लॅरिस क्लिफ’ असं नाव आणि काठाला टवका उडालेला. तेव्हापासून १९१० ते १९४० मधल्या ब्रिटिश वस्तू दिसल्या की मला राहवत नाही. आता घरात ३१ वस्तू आहेत. बश्या, वाडगे, कॉफीचा एक सेट, दोन लिनोकट (लिनोलियमवर कोरून छापलेली चित्रं), पडद्याच्या छापील कापडाचा एक तुकडा. कशाचा कशाला मेळ नाही.

मागच्या महिन्यात एका जत्रेत डीलरनं रंगवलेली लाकडी पेटी दाखवली. तळाला ओमेगा हे ग्रीक अक्षर. म्हणाला, ‘ओमेगा वर्कशॉप्स, डंकन ग्रँटच्या हातची. ससेक्समधल्या एका जुन्या घरातून आली.’ किंमत २,४०० पौंड. साधारण तेवढेच मी बाजूला टाकले आहेत. महिनाअखेरपर्यंत तो थांबणार आहे. नवरा म्हणतो, गुंतवणूकच करायची तर मोठ्या नावाची वस्तू घे. आई इथे आली होती, ती म्हणाली, ‘लोकांची उष्टी भांडी पैसे मोजून घरात आणतेस?’ आणि मला स्वतःला एक गोष्ट खुपते. साहेबाच्या देशात राहून साहेबाचीच कला आपण का गोळा करायची? पेटी घेऊ का? आणि हे सगळं नीट कसं करू? आमच्या शेजारी ८४ वर्षांच्या एक आजी राहतात, त्या तरुणपणी इथल्याच बर्स्लेमच्या भांड्यांच्या कारखान्यात रंगकाम करायच्या असं ऐकलंय. पण त्यांच्याशी या विषयावर बोलायचा धीर होत नाही.

उत्तर:

नमस्कार,

आधी पेटीचं बोलू, कारण तिला मुदत आहे. पेटी घेऊ नका. या किमतीला आणि नुसत्या तोंडी सांगण्यावर तर मुळीच नको.

याचं कारण ओमेगाच्या जन्मातच आहे. रॉजर फ्राय या चित्रकार-समीक्षकानं जुलै १९१३ मध्ये लंडनच्या ३३, फिट्झरॉय स्क्वेअरमध्ये ही कार्यशाळा सुरू केली. व्हनेसा बेल आणि डंकन ग्रँट हे चित्रकार तिचे सहसंचालक. याच फ्रायनं १९१० च्या नोव्हेंबरात सेझान, गोगँ, व्हॅन गॉग यांची चित्रं लंडनकरांना दाखवली होती, आणि लोक चिडले होते, मोठमोठ्यानं हसले होते. चित्रांतले ते मोकळे रंग त्याला आता टेबलावर, पडद्यावर, दिव्याच्या शेडवर हवे होते. तरुण चित्रकारांना आठवड्यातून साडेतीन दिवस काम आणि तीस शिलिंग मिळत. उरलेले दिवस त्यांच्या स्वतःच्या चित्रांसाठी मोकळे. एक अट मात्र कडक होती. वस्तूवर कुणी आपलं नाव घालायचं नाही. तळाला फक्त ओमेगाचं अक्षर. फ्रायला वाटे, माणसानं वस्तू बघून ती घ्यावी, कुणाची आहे ते विचारून नव्हे.

म्हणजे ‘डंकन ग्रँटच्या हातची’ हे त्या डीलरला कुठून कळलं? असं सांगायला काहीतरी आधार लागतो. त्या नक्षीचं मूळ आरेखन, जुनं बिल, त्या काळातल्या खोलीचा फोटो. ओमेगाची बरीच आरेखनं फ्रायच्या मुलीनं १९५८ मध्ये लंडनच्या कोर्टोल्डला दिली. त्यांच्याशी पेटी ताडून बघता येते. डीलरनं तसं काही केलं असतं तर ते त्यानं तुम्हाला पहिल्या वाक्यात सांगितलं असतं. दुसरं म्हणजे, कार्यशाळा १९१९ मध्ये बंद पडली तेव्हा उरलेला माल स्वस्तात विकला गेला आणि घरोघरी पांगला. त्यामुळे खरी वस्तू आजही एखाद्या माळ्यावरून खाली येऊ शकते, हे मान्य. पण त्याच कारणानं खोट्या वस्तूलाही ‘जुन्या घरातून आली’ ही गोष्ट सहज चिकटते. आणि ते अक्षर काढायला कुंचल्याचा एक वळसा पुरतो.

डीलर खोटारडा आहे असं मी म्हणत नाही. त्याचा त्याच्या पेटीवर मनापासून विश्वास असेल. म्हणून त्याच्याशी भांडू नका, फक्त बिलावर काय लिहून देणार ते विचारा. ‘ओमेगा वर्कशॉप्स, १९१३ ते १९१९, रंगकाम डंकन ग्रँट’ असं तो लिहून द्यायला तयार आहे का? व्यापाऱ्याकडून घेतलेली वस्तू वर्णनाप्रमाणे असली पाहिजे, हे ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात आहे, पण वर्णन कागदावर असेल तरच तुम्हाला ते दाखवता येणार. पेन हातात घेतल्यावर पुष्कळांची भाषा बदलते. ‘ग्रँट’चं ‘अॅट्रिब्यूटेड टू ग्रँट’ होतं, मग ‘सर्कल ऑफ’, मग ‘मॅनर ऑफ’. ‘अॅट्रिब्यूटेड’चा अर्थ ‘बहुधा त्याचंच’, ‘सर्कल’चा ‘त्याच्या गोतावळ्यातल्या कुणाचं तरी’, आणि ‘मॅनर’चा ‘त्याच्या वळणाचं, कधीचंही’. प्रत्येक पायरीला किंमत निम्म्याहून खाली यायला हवी.

पेटी पुन्हा हातात आली तर आतून बघा. बिजागऱ्यांच्या स्क्रूवर फुलीची खाच असेल तर त्या बिजागऱ्या १९१३ च्या नाहीत, तसले स्क्रू १९३० च्या दशकात आले. झीज कुठे आहे ते बघा. झाकण उघडताना अंगठा जिथे टेकतो तिथे रंग उडालेला हवा. सगळीकडे सारखाच, हौसेनं घासल्यासारखा उडालेला नको. पांढरा रंग टायटॅनियमचा निघाला तर तो चित्रकारांच्या हाती साधारण १९२० च्या सुमारास आला, हे लक्षात ठेवा. ती तपासणी मात्र प्रयोगशाळेत होते आणि तिचा खर्च विकणाऱ्यानं करावा.

कागदांचंही एक सांगते, कारण ‘पेपर्स आहेत’ म्हटलं की आपण भारतीय माणसं लगेच निर्धास्त होतो. १९८६ ते १९९५ या काळात जॉन ड्रू नावाच्या माणसानं जॉन मायट या चित्रकाराकडून दोनशेच्या आसपास नकली चित्रं काढून घेऊन विकली. त्यात बेन निकोल्सन या ब्रिटिश चित्रकाराच्या नावावर खपवलेलीही होती. मायट तुमच्याच स्टॅफर्डशायरमध्ये राहायचा आणि घराच्या भिंतींना लावायचा इमल्शन रंग वापरायचा. तज्ज्ञ रंगाकडे बघायचे थांबले, कारण ड्रूनं लंडनच्या टेट गॅलरीच्या आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या अभिलेखागारांत खोटे कागद घुसवून ठेवले होते. कागद पाहून लोकांनी डोळे मिटले. १९९९ मध्ये दोघांना शिक्षा झाली.

मीही फसले आहे. इंग्लंडमध्ये येऊन तीनेक वर्षं झाली होती तेव्हा एका जत्रेत मी १८० पौंडांना एक वाडगा घेतला. तळाला सेंट आइव्ह्जचा शिक्का, आणि विकणाऱ्यानं सांगितलं, ‘बर्नार्ड लीच.’ लीच म्हणजे १९२० मध्ये शोजी हमादा या जपानी कुंभाराबरोबर कॉर्नवॉलच्या सेंट आइव्ह्जला भट्टी घालणारा कुंभार. शिक्का दिसला आणि मी पुढे काही बघितलंच नाही. दोन वर्षांनी एका कुंभार मैत्रिणीनं तो वाडगा उचलला, तळव्यावर थोडा वर-खाली केला आणि म्हणाली, ‘याचं सगळं वजन बुडाशी बसलंय. चाकावर इतकी वर्षं घालवलेला माणूस एवढी माती खाली ठेवणार नाही.’ तिनं शिक्का बघितलाही नव्हता. १९८० च्या सुमारास इंग्लंडमधल्या एका तुरुंगात, कैद्यांच्या मातीकामाच्या वर्गात बनलेले ‘लीच’ लिलावांपर्यंत पोचले होते, हे मी नंतर वाचलं. माझा वाडगा कुठला ते कळायला मार्ग नाही. तो मी अजून ठेवलाय, सेंट आइव्ह्जच्या एका खऱ्या, साध्या, रोजच्या वापरातल्या तपकिरी भांड्याशेजारी. घरी कुणी आलं की दोन्ही त्यांच्या हातात देते. हातांना फरक पटकन कळतो. डोळ्यांना उशीर लागतो, कारण डोळे नाव वाचायला जातात.

तुम्ही फिजिओथेरपिस्ट आहात. दिवसभर माणसांचे खांदे, गुडघे, मणके हातानं वाचता. मला हे हात लाखमोलाचे वाटतात. ते भांड्यांवर वापरा.

आता तुमच्या त्या चार पौंडांच्या जगाकडे येते, आणि इथे मला थोडं रेंगाळायचं आहे.

वर पिवळा पट्टा, खाली तपकिरी, मध्ये केशरी-निळी-जांभळी फुलं, म्हणजे ती ‘क्रोकस’ या फुलाची नक्षी. क्लॅरिस क्लिफनं ती १९२८ मध्ये काढली. पिवळा म्हणजे ऊन, तपकिरी म्हणजे माती. क्लॅरिस १८९९ मध्ये तुमच्या स्टोकमधल्याच टनस्टॉलला जन्मली. तिथून बर्स्लेम हाकेच्या अंतरावर. तेराव्या वर्षी ती कामाला लागली आणि १९१६ मध्ये विल्किन्सनच्या कारखान्यात आली. या मालकांनी १९२० मध्ये शेजारची न्यूपोर्ट पॉटरी विकत घेतली, तिच्याबरोबर वखारभर न रंगवलेली, बारीकसारीक दोष असलेली जुनी भांडी आली. त्यांचं करायचं काय? क्लॅरिसनं त्यांच्यावर भडक त्रिकोण आणि पट्टे रंगवले. दोष रंगाखाली गेले आणि १९२७ मध्ये ‘बिझार’ या नावानं तो माल बाजारात आला. विक्रेत्यांना वाटलं होतं हे कोण घेणार. लोकांनी उचलून धरलं.

तळाचं ‘क्लॅरिस क्लिफ’ हे नाव छापलेलं आहे. जगावरची फुलं तिनं काढलेली नाहीत. ती काढली बाकावर ओळीनं बसलेल्या मुलींनी, ज्यांना ‘बिझार गर्ल्स’ म्हणत. कित्येक तर चौदा-पंधरा वर्षांच्या. क्रोकसची रीत अशी: पाकळ्यांचे फटकारे खालून वर मारायचे, मग भांडं उलटं धरायचं आणि पानांच्या बारीक हिरव्या रेषा ओढायच्या. रंग ग्लेझच्या, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थराच्या, वर चढवलेला असतो, म्हणून बोट फिरवलं की फटकारा किंचित उठलेला लागतो. तुमच्या जगावर एक फूल जरा तिरकं असेल, एखाद्या पाकळीत रंग कमी पडलेला असेल. तिथे बोट ठेवा. ती मुलगी तिथे आहे. कुठल्याही कागदाशिवाय आहे.

आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवर नावं घालतात. कुणाकडून आलं ते नाव, तारीख, कधीकधी गावसुद्धा. माझ्या आजीच्या पितळी तपेल्यावर तिच्या मामांचं नाव आहे. ते तपेलं ठोकून ठोकून घडवणाऱ्या तांबटाचं नाव कुठेच नाही, आणि आमच्यापैकी कुणी ते कधी विचारलंही नाही. क्रोकसवरच्या मुलीचं तसंच झालं. ओमेगात नाव न घालणं ही सुखवस्तू चित्रकारांनी ठरवून केलेली गोष्ट होती, बर्स्लेममध्ये ते कुणाला विचारलंच गेलं नाही. या दोन निनावी गोष्टींमधलं अंतर मला या सगळ्या काळातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. तुमच्या ३१ वस्तूंना काही एक सूत्र द्यायचं असेल तर ते इथे आहे, आणि त्यासाठी स्टोकसारखी दुसरी जागा नाही.

कारण ही दोन जगं एकदा खरोखर एकत्र आली होती. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला विल्किन्सन आणि ई. ब्रेन या स्टोकच्या दोन कारखान्यांनी चित्रकारांकडून भांड्यांसाठी नक्ष्या मागवल्या. व्हनेसा बेल, डंकन ग्रँट, पॉल नॅश, बेन निकोल्सन, बार्बरा हेपवर्थ, लॉरा नाइट अशी नावं. विल्किन्सनकडची जबाबदारी क्लॅरिसकडे होती. १९३४ मध्ये लंडनच्या हॅरॉड्समध्ये त्या भांड्यांचं प्रदर्शन झालं. फार खपलं नाही. पण विचार करा, फिट्झरॉय स्क्वेअरची व्हनेसा बेल आणि बर्स्लेमची चौदा वर्षांची मुलगी एकाच बशीवर भेटल्या. तुम्हाला डंकन ग्रँटच हवा असेल तर अशा एखाद्या बशीची वाट बघा. तिच्या तळाला कारखान्याचा शिक्का आणि चित्रकाराचं नाव दोन्ही छापलेलं असतं, आणि ताडून बघायला संग्रहालयात तिच्या बहिणी आहेत.

तर सूत्र म्हणून मी असं सुचवेन: दोन महायुद्धांमधल्या स्टोकच्या वस्तू, चित्रकाराचा किंवा डिझायनरचा हात ज्यात दिसतो अशा. त्यात क्लॅरिस येते. सुझी कूपर येते, जिनं १९२९ मध्ये स्वतःचा व्यवसाय उभा केला. तिचा १९३२ चा ‘केस्ट्रेल’ आकाराचा कॉफीपॉट ओतताना चोचीवरून थेंब ओघळत नाही, आणि तो अजूनही परवडतो. मूळचा न्यूझीलंडचा वास्तुविशारद कीथ मरे येतो. त्यानं वेजवूड या भांड्यांच्या कारखान्यासाठी केलेल्या फुलदाण्यांवर नक्षी जवळजवळ नाहीच, फक्त लेथवर काढलेल्या गोल खाचा आणि मऊ, न चमकणारं ग्लेझ. एरिक रॅव्हिलियस येतो. त्यानं आठव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी वेजवूडला एक मग करून दिला, राजानं डिसेंबर १९३६ मध्ये गादीच सोडली, तेव्हा तीच नक्षी १९३७ मध्ये सहाव्या जॉर्जसाठी आणि १९५३ मध्ये एलिझाबेथसाठी फिरवून वापरली गेली. तोवर रॅव्हिलियस राहिला नव्हता. १९४२ मध्ये आइसलंडजवळ त्याचं विमान बेपत्ता झालं. तीन मग शेजारी ठेवले तर एका देशाची सतरा वर्षं त्या शेल्फवर दिसतात. ते सावकाश जमवायचे, घाई कशाला.

यात न बसणाऱ्या वस्तू विकायलाच हव्यात असं नाही. लिनोकट ठेवा. क्लॉड फ्लाइट १९२० च्या दशकात लंडनच्या ग्रोव्हनर स्कूलमध्ये लिनोकट शिकवायचा. सामान्य माणसाला घरात लावायला परवडेल असं चित्र असावं, हा त्याचा ध्यास होता. त्याच्या शिष्यांची, सिरिल पॉवर आणि सिबिल अँड्र्यूज यांची, तेव्हा दोन-तीन गिनींना मिळणारी चित्रं आज हजारो पौंडांना जातात. तुमची दोन कुणाची आहेत ते तुम्ही लिहिलं नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. शाईचा सलग थर दिसला तर छाप खरा, बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ते पोस्टर आहे.

वस्तू घेताना करायचं ते तुम्हाला आईनंच शिकवलेलं असेल. माठ घेताना आपण बोटाच्या पेरानं वाजवून बघतो, तसंच इथे. बशी तळहातावर तोलून धरा आणि काठाला टिचकी मारा. खणखणीत वाजली तर धड, बद्द वाजली तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे. रंग फासून केलेली डागडुजी अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली वेगळी चमकते, टॉर्च काही महाग नाही. दातावर हलकेच टेकवूनही कळतं. ग्लेझ थंड आणि कडक लागतं, डागडुजीचा भाग जरा मऊ. आणि टवक्यांना घाबरू नका. तुमच्या जगाचा टवका झाकलेला नाही, तो समोर दिसतोय, म्हणूनच तो चार पौंडांना मिळाला. थोड्या पैशांत उत्तम नक्षी हवी असेल तर उघड दोष असलेली वस्तू घेणं हाच सरळ रस्ता आहे. फक्त तो दोष किमतीत धरलेला असावा. आणखी एक, ‘बिझार’ हा शब्द तळाला आहे का बघा. असेल तर जग बहुधा दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा. क्रोकस नक्षी त्यानंतरही बरीच वर्षं चालू होती.

लिलावात गेलात तर हातोडा पडतो त्या आकड्यावर लिलावघराचं कमिशन वेगळं लागतं, वीस ते तीस टक्के आणि त्यावर व्हॅट. कागदावर आकडा मांडून मगच हात वर करा.

तुमच्या मिस्टरांना गुंतवणुकीबद्दल माझ्याकडून सांगा: पैसे वाढवायचे असतील तर ते बँकेत किंवा फंडात ठेवा. क्लॅरिस क्लिफच्या साध्या वस्तूंचे भाव एकेकाळी खूप चढले होते आणि पुढे उतरले, तेव्हा चढ्या भावानं घेतलेले आजही वाट बघताहेत. मोठ्या नावाचं म्हणाल, तर २,४०० पौंडांत मोठ्या नावाची मधली-अधली वस्तू येते. त्याच पैशांत सुझी कूपरचं आणि कीथ मरेचं अव्वल काम येईल, आणि वर्षभर गाडीचं पेट्रोलही निघेल. पेट्रोल मी मुद्दाम म्हणते. कारण काही जागा तुम्ही दोघांनी बघायलाच हव्यात. हॅन्लीचं पॉटरीज म्युझियम तर दाराशीच आहे, बार्लस्टनला वेजवूडचा संग्रह आहे, ससेक्सला चार्ल्सटन हे बेल आणि ग्रँटचं घर आहे. तिथे त्यांनी १९१६ पासून दारं, भिंती, शेगड्या सगळं रंगवून काढलं, आणि त्यांनी प्रसिद्ध स्त्रियांची चित्रं काढलेल्या बश्याही तिथेच आहेत. एक दिवस केंब्रिजच्या केटल्स यार्डला, म्हणजे जिम ईडच्या घराला द्या. जिम ईड हा टेटमधला एक साधा सहायक होता, श्रीमंत नव्हता. अल्फ्रेड वॉलिस या सेंट आइव्ह्जच्या म्हाताऱ्या कोळ्यानं पुठ्ठ्यावर, होड्यांच्या रंगानं काढलेली चित्रं तो काही शिलिंगांना घ्यायचा. त्याच्या घरात ती चित्रं समुद्रावरच्या गोट्यांच्या शेजारी आहेत. कथिलाच्या ताटलीत एक ताजं लिंबू असतं, कारण समोरच्या चित्रात एक पिवळा ठिपका आहे. विद्यार्थ्यांना तो आपली चित्रं खोलीत लावायला उसनी देत असे. ते घर बघून आलात की खरेदीचा वेग आपोआप कमी होईल.

आईंचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. ‘उष्टं’ हा शब्द आपल्याकडे फार खोल गेलेला आहे. त्यांना सांगा की या भांड्यांत आपण जेवत नाही. आणि खरंच जेवू नका. ग्लेझवरच्या जुन्या रंगांत शिसं असू शकतं, आंबट पदार्थानं ते सुटतं. सोलकढी, आमसुलाचं सार, लिंबाचं सरबत त्यात चुकूनही नको. डिशवॉशर आणि मायक्रोवेव्हही नको. फुलं ठेवा, तीही आत काचेचा ग्लास घालून. पुढच्या खेपेला आई येतील तेव्हा त्यांच्या आजेसासूबाईंच्या भांड्यांवर कुणाची नावं होती ते विचारा. मला खात्री आहे, त्यांना सगळी आठवतील.

शेवटची गोष्ट साहेबाची. तुम्हाला ती खुपते हे मला आवडलं, कारण ती खुपायला हवी. १९१० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये सर जॉर्ज बर्डवुड यांनी बुद्धमूर्तीची तुलना उकडलेल्या पुडिंगशी केली. हे बर्डवुड बेळगावात जन्मलेले, मुंबईत वर्षानुवर्षं राहिलेले, भायखळ्याचं संग्रहालय उभं करण्यात पुढे असलेले. त्यांच्या त्या वाक्यावर लंडनच्याच चित्रकारांनी जाहीर निषेध नोंदवला आणि त्याच वर्षी भारतीय कलेसाठी इंडिया सोसायटी निघाली. त्या वर्तुळातल्या क्रिस्टियाना हेरिंगहॅम अजिंठ्याला तळ ठोकून भित्तिचित्रांच्या प्रती करत होत्या, त्यांच्या गटात नंदलाल बोस होते आणि डोरोथी लार्चर नावाची तरुण इंग्रज चित्रकारही होती. हीच लार्चर पुढे फिलिस बॅरनबरोबर लाकडी ठशांनी कापड छापू लागली. त्या दोघींचं कापड आज ब्रिटिश आधुनिक कलेतलं फार मोलाचं काम मानलं जातं. लार्चरच्या फुलापानांत अजिंठा किती उतरला ते मोजता येणार नाही. पण ती तिथे होती, त्या अंधारात मान वर करून बघत होती.

हा दुवा सांगितला म्हणून तुमचा संग्रह पवित्र होतो असं मी म्हणत नाही. साम्राज्याचा पैसा त्या काळच्या लंडनमध्ये सगळीकडे होता, चित्रं विकत घेणाऱ्यांच्या खिशातही होता. पण जगावर क्रोकस काढणारी मुलगी साहेब नव्हती. स्टोकच्या मजुरांची फुप्फुसं मातीच्या धुळीनं गेली, ग्लेझमध्ये हात घालणाऱ्यांना शिसं बाधलं. तुमच्या हॉस्पिटलात त्यांची मुलं-नातवंडं तुमच्याकडे येत असतील. तुम्ही त्यांच्या गावात कामाला आहात आणि त्यांच्या आज्यांनी केलेली भांडी सांभाळता आहात. मला यात खुपण्यासारखं काही दिसत नाही.

म्हणून शेजारच्या आजींकडे जा. ८४ वय म्हणजे त्या १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाकावर बसल्या असतील, आणि त्यांना शिकवणाऱ्या बायका कदाचित त्या जुन्या मुलींपैकीच असतील. धीर होत नाही म्हणता, पण तुम्हाला विषय काढावाच लागणार नाही. चहाला बोलवा. सोबत चिवडा-लाडू ठेवा, आणि जग टेबलावर असू द्या, त्याचा टवका त्यांच्या बाजूला करून. स्टोकमध्ये माणसं दुसऱ्याच्या घरीसुद्धा बशी उलटी करून कारखान्याचा शिक्का बघतात, हे तुम्ही पाहिलं असेलच. आजी जग हातात घेतील तेव्हा आधी तो उलटा करतात, की फुलांवरून बोट फिरवतात, ते नीट बघा आणि मला लिहून कळवा.